वाळूत गाडी रुतली तर रेस देऊ नका

बेळगावहून मोटरहोम (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन जैसलमेरला निघालात, तर खानापूर-जांबोटीच्या चिखलातली सवय घरीच ठेवून जा. आपल्याकडं चाक रुतलं की पुढं-मागं झुलवून, रेस देऊन गाडी काढतात. वाळूत तसं केलंत तर चाक फिरेल तितकं खाली जातं आणि गाडी पोटावर बसते. चाक रिकामं फिरायला लागलं की तिथंच थांबा. आधी चाकापुढची वाळू खोऱ्यानं उपसा, मग टायरमधली हवा थोडी कमी करा. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं. शेवटी ज्वारीची रिकामी पोती चाकापुढं घट्ट दाबून बसवा आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी सावकाश काढा. आमच्याकडं चार पोती होती, दोनच लागली. डांबरीवर आलात की लगेच हवा भरा, म्हणून बॅटरीवरचा पंप हवाच. कमी हवेवर वेगानं पळवलं तर टायर तापून फुटतो.

खरं तर मोठी गाडी वाळूत घालूच नये. जैसलमेरजवळचं राष्ट्रीय मरु उद्यान 3,162 चौरस किलोमीटरचं आहे, पण सगळं काही वाळूचे डोंगर नाहीत. बराचसा भाग खडकाळ, गवताळ माळ. माळढोक पक्षी तिथंच दिसला तर दिसतो. गाडी सम गावाजवळ पक्क्या जागेवर लावा आणि उद्यानातल्या सुदासरीकडं वनखात्याची परवानगी काढून स्थानिक जीपनं जा. सीमेकडच्या पट्ट्याला वेगळी परवानगी लागते, ती जैसलमेरातच विचारून घ्या.