सगळीकडे चालेल असं स्नोबोर्डचं बाइंडिंग कसं निवडावं

स्नोबोर्ड घेताना लोक बोर्डाची लांबी, आकार आणि वरचं चित्र यांवर आठवडे घालवतात, आणि बाइंडिंग पाच मिनिटांत उरकतात. बूट बोर्डाला बांधून ठेवणारी आणि पायाचा जोर बोर्डापर्यंत पोचवणारी वस्तू मात्र तीच. त्यात ‘ऑल-माउंटन’, म्हणजे डोंगरावर सगळीकडे चालणारं, हा शिक्का आता बऱ्याच खोक्यांवर दिसतो, त्यामुळे खोकं वाचून काही ठरत नाही.

हा लेख एकच जोडी घेऊन सगळीकडे तीच वापरणाऱ्यांसाठी आहे. कोणी हिवाळ्यात आठवडाभर गुलमर्गला जातं, कोणी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात, कॅनडात किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहतं आणि शनिवार-रविवारी डोंगर गाठतं. सकाळी दाबलेला कडक बर्फ, दुपारी झाडांतला भुसभुशीत बर्फ, मध्येच एखादी छोटी उडी. हे सगळं एकाच बाइंडिंगने निभवायचं आहे.

स्कीइंग करून आलेल्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. स्कीचं बाइंडिंग जोरात पडल्यावर सुटतं, स्नोबोर्डचं सुटत नाही. पडलात तरी दोन्ही पाय बोर्डालाच राहतात. म्हणून ते हाताने पटकन उघडता येणं फार महत्त्वाचं, त्याकडे पुढे येतोच.

पायरी १: बूट आधी, बाइंडिंग नंतर

बाइंडिंगचा साइज पायावरून नाही, बुटाच्या बाहेरच्या मापावरून ठरतो. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे बूट बाहेरून वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे असतात. बाइंडिंगचे साइज साधारण एस, एम, एल असे येतात आणि कुठला साइज किती नंबरच्या बुटापर्यंत चालतो याचा तक्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. एका कंपनीचा एम दुसरीच्या एमएवढा असेलच असं नाही. त्यामुळे बूट घेतलेले नसतील तर आधी ते घ्या आणि पिशवीत घालून दुकानात न्या.

बूट पूर्ण बांधून बाइंडिंगमध्ये ठेवा आणि टाच मागे दाबा. टाच मागच्या कमानीत नीट बसली पाहिजे, डावी-उजवीकडे हलता कामा नये. घोट्याचा पट्टा आवळल्यावर त्याची गादी पायाच्या बरोबर मधोमध यायला हवी. ती एका बाजूला सरकत असेल तर पट्टा सरकवून लावता येतो का ते विचारा. चांगल्या बाइंडिंगमध्ये येतो. पट्टा आवळून झाला की दातेरी पट्टीकडे, म्हणजे लॅडरकडे, बघा. तिचे टोकाचे जेमतेम एक-दोन दातेच अडकत असतील तर बाइंडिंग लहान आहे. पट्टी लांबच लांब बाहेर लोंबत असेल तर मोठं आहे.

दोन साइजच्या सीमेवर असाल तर तक्त्यापेक्षा या तपासणीवर विश्वास ठेवा.

पायरी २: बोर्ड उलटासुलटा करून भोकं बघा

बाइंडिंग साधारणपणे चार स्क्रूंनी बोर्डात बसतं आणि त्या भोकांच्या मांडणीचे प्रकार आहेत. बहुतेक बोर्डांवर ४×४ किंवा २×४ मांडणी असते. ४×४ मध्ये भोकं दोन्ही दिशांनी ४ सेंटिमीटरवर असतात. २×४ मध्ये बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ती २ सेंटिमीटरवर येतात, म्हणून पायांतलं अंतर बारीक पायऱ्यांनी बदलता येतं. बर्टन कंपनीच्या आजच्या बहुतेक बोर्डांवर भोकं नसून एक लांब खाच असते, तिला ‘चॅनल’ म्हणतात. त्याच कंपनीच्या जुन्या बोर्डांवर त्रिकोणी मांडणीची तीन भोकंही सापडतात. असा बोर्ड स्वस्तात मिळाला तर आधी बाइंडिंगचा विचार करा.

इथे एक फसवी जागा आहे. बर्टनची काही बाइंडिंग्ज ‘ईएसटी’ प्रकारची असतात आणि ती फक्त चॅनलवरच बसतात. त्याच कंपनीची ‘री-फ्लेक्स’ बाइंडिंग्ज मधल्या गोल डिस्कवर बसतात आणि भोकांच्या बोर्डांवरही चालतात. नाव एकच, प्रकार दोन, त्यामुळे ऑनलाइन घेताना घोटाळा होतो. उद्या बोर्ड बदलला, किंवा गुलमर्गला पोचल्यावर भाड्याचा बोर्ड घेऊन त्यावर आपलं बाइंडिंग लावायचं ठरलं, तर डिस्कवालंच कामाला येईल. इतर कंपन्यांच्या डिस्क ४×४ आणि २×४ दोन्हींना चालतात. चॅनलसाठी मात्र लागणारे भाग खोक्यात आहेत की वेगळे घ्यावे लागतात, ते विचारून घ्या.

पायरी ३: फ्लेक्स आकड्यावर नाही, हातावर जोखा

कडकपणा, म्हणजे फ्लेक्स, १ ते १० असा सांगतात. १ म्हणजे लवचिक, १० म्हणजे ताठ. सर्वसाधारण वापरासाठी ४ ते ७ ही पट्टी ठीक. पण हा आकडा कुठल्याही सामाईक मोजमापातून येत नाही, प्रत्येक कंपनी आपापला देते. एकीचा ६ दुसरीच्या ४ सारखा लागू शकतो. दुकानात विक्रेता आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो, एवढाच त्याचा उपयोग.

त्यापेक्षा बाइंडिंग हातात घ्या. पाठीमागच्या उभ्या भागाला हायबॅक म्हणतात. त्याचं वरचं टोक धरून आधी सरळ मागे दाबा, मग आडवं पिळा. मागे दाबल्यावर ताठ राहिलं तर बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवर वळताना बोर्ड लगेच ऐकतो, पोटरीचा दाब वाया जात नाही. आडवं पिळल्यावर थोडं वळलं तर गुडघे हलवायला मोकळीक मिळते, झाडांतून जाताना आणि उडी मारताना ती लागते. मागे ताठ आणि बाजूंना जरा सैल, हे सगळीकडे चालणाऱ्या बाइंडिंगचं लक्षण. दोन्हीकडे ताठ असेल तर ते वेगाने कार्व्हिंग करणाऱ्यांचं, म्हणजे बोर्डाच्या कडेवर वळणं घेणाऱ्यांचं. दोन्हीकडे लुळं असेल तर नवशिक्यांसाठी किंवा नुसत्या कसरतींसाठी बनवलेलं.

खालची बेसप्लेट बहुतेक वेळा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. महागड्या मॉडेलांत ॲल्युमिनियम किंवा कार्बन येतं. वजन थोडं घटतं, पण मधल्या दर्जाच्या बाइंडिंगसाठी मी त्यावर पैसे घालवणार नाही.

फ्लेक्सचा मेळ बूट आणि बोर्डाशी बसला पाहिजे. मऊ बुटावर ताठ बाइंडिंग लावलं तर पट्टा बुटात रुतून पाय दुखतो. वजन ८५ किलोच्या पुढे असेल तर एक पायरी ताठ घ्या. पहिलाच हिवाळा असेल तर एक पायरी मऊ.

डोंगराचाही विचार हवा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गंडोला, म्हणजे तिथला रोपवे, दोन टप्प्यांत अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरच्या टप्प्यातला बर्फ यंत्राने दाबलेला नसतो. उतार लांब, खोल बर्फ, मग झाडं आणि शेवटी सपाट आडवे पट्टे. अशा ठिकाणी फार ताठ बाइंडिंग पोटऱ्यांचा जीव काढतं. उलट आल्प्समध्ये सकाळच्या कडक पिस्टवर, म्हणजे यंत्राने दाबलेल्या उतारावर, जास्त वेळ जाणार असेल तर ६-७ कडे झुका.

पायरी ४: हातमोजे घालून पट्टे तपासा

माझ्या मते निम्मा निर्णय इथेच व्हायला हवा. दुकानात जाड हातमोजे मागा आणि ते घालूनच पट्टा लावा, आवळा, उघडा. रॅचेटची, म्हणजे लॅडर आवळणाऱ्या खटक्याची, जीभ हातमोज्यातल्या अंगठ्याला सापडते का? दाते सरळ शिरतात की दरवेळी दुसऱ्या हाताने वाट दाखवावी लागते? सगळं आवळलेलं असताना एका झटक्यात उघडतं का? गंडोल्यात बसताना दोन्ही पाय काढावे लागतात, म्हणजे दर फेरीला वर पोचून, वाऱ्यात बर्फावर बसून हेच करायचं असतं. आणि झाडाच्या बुंध्याशी खोल बर्फात डोकं खाली-पाय वर असे अडकलात, तर ती जीभ सापडणं ही सोयीची बाब राहत नाही.

घोट्याचा पट्टा आवळून दहा मिनिटं तसेच उभे राहा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. पायाला मुंग्या आल्या किंवा पट्ट्याची कड नडगीला टोचली तर ते बाइंडिंग नको. पुढचा पट्टा बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसणारा असावा. तो टाचेला मागे ढकलून धरतो आणि चवडा दबत नाही. पट्ट्यांची लांबी हाताने, अवजाराशिवाय बदलता आली तर फारच उत्तम.

आता पट्टे नसलेल्या प्रकारांविषयी. बर्टनचं ‘स्टेप ऑन’ २०१७ मध्ये बाजारात आलं. त्यात बुटालाच तीन कड्या असतात, टाचेला एक आणि चवड्याशी दोन, आणि पाय दाबला की ते खटकन बसतं. सोय खरी आहे, पण त्याला खास बूटच लागतात, आणि तळव्याखाली बर्फ साचला तर तो खरवडल्याशिवाय ते बसत नाही. मागून पाय घालायच्या प्रकाराला, म्हणजे हायबॅक मागे पाडून पाय सरकवायच्या बाइंडिंगला, साधे बूट चालतात. कंबर किंवा गुडघे वाकायला कुरकुरत असतील तर ते जरूर बघा. एकच जोडी घ्यायची, ती विमानातून न्यायची आणि बिघडली तर स्वतः दुरुस्त करायची, तर माझं मत साध्या दोन पट्ट्यांना.

पायरी ५: गादी, कल आणि बाकीचं

तळव्याखाली फोमची गादी असावी, कडक बर्फावरचे हादरे ती खाते. काही गाद्या बाहेरून आत किंचित उतरत्या असतात. पाय रुंद ठेवून उभं राहणाऱ्यांच्या गुडघ्यांना त्याने आराम मिळतो. हायबॅकचा पुढचा कल बदलता येतो का, एवढं बघा. सुरुवातीला तो कमीत कमी ठेवा आणि टाचेची कड उशिरा लागते असं वाटलं तरच वाढवा.

पायरी ६: काय घ्यावं आणि कधी

मधल्या पट्टीत वर्षानुवर्षं टिकून असलेली नावं म्हणजे युनियनचं फोर्स, बर्टनची मिशन आणि कार्टेल, रोमचं ३९० बॉस, नायट्रोचं टीम. दरवर्षी त्यांत थोडा फेरफार होतो, म्हणून नावावर न जाता वरच्या तपासण्या करा. अमेरिकेत अशा जोडीला साधारण २०० ते ३०० डॉलर पडतात. मार्च-एप्रिलमध्ये चालू हंगामाचा माल बराच स्वस्त होतो आणि गेल्या वर्षीच्या मॉडेलमध्ये बहुधा रंगाशिवाय काही बदललेलं नसतं. जोडीचं वजन दोन किलोच्या आसपास असतं, त्यामुळे अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत ती सहज मावते.

भारतात राहणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: सुटे भाग मिळतात का? तुटते ती बेसप्लेट नाही, तुटतात लॅडर आणि रॅचेट, आणि नेमक्या तुमच्या मॉडेलची लॅडर डोंगरपायथ्याच्या बाजारात मिळेलच असं धरून चालू नका. सुटे भाग वेगळे विकणारी कंपनी मी थोडे जास्त पैसे देऊनही घेईन.

वापरलेली जोडी घेत असाल तर डिस्क काढून बेसप्लेटला केसासारख्या तडा गेल्या आहेत का ते उजेडात बघा. लॅडरचे दाते नखाने चाचपा, गोल झाले असतील तर तेवढे भाव उतरवून घ्या.

पायरी ७: बसवणं

बाइंडिंगसोबत आलेलेच स्क्रू आणि वायसर वापरा. लांब स्क्रू घातला तर बोर्डाच्या तळाला आतून फुगवटा येतो. नंबर ३ चा स्क्रूड्रायव्हर लागतो. लहान वापरलात तर स्क्रूचं डोकं खाल्लं जातं आणि मग तो निघता निघत नाही.

पायांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीइतकं धरा. पुढचा पाय १५ अंश पुढे आणि मागचा ६ ते ९ अंश मागे वळवलेला, ही सुरुवात बहुतेकांना मानवते. डिस्कच्या खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर पायांतलं अंतर बदलतं. आडव्या ठेवल्या तर बूट कडेच्या आतबाहेर सरकवता येतो. बुटाचं टोक आणि टाच बोर्डाबाहेर सारखीच यायला हवीत. दोन्हीकडे १ ते २ सेंटिमीटर आली तर छान. त्याहून फार जास्त आली तर वळताना बर्फाला घासतील, आणि मग दोष बोर्डाच्या अरुंदपणाचा आहे, बाइंडिंगचा नाही.

चारही स्क्रू आधी बोटाने अर्धे आत घ्या, मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा. पूर्ण ताकद लावू नका, आटे गेले तर बोर्ड वाया जातो. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा, नवीन बाइंडिंगमध्ये ते हमखास थोडे ढिले होतात. त्यासाठी खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, दोन जादा स्क्रू, एक पुढच्या पट्ट्याची लॅडर आणि चार-पाच झिप टाय ठेवा. पट्टा तुटला तर झिप टायने बांधून हळूहळू खाली येता येतं. तेवढ्यासाठी एक छोटी कात्रीही बरोबर असू द्या, कारण झिप टाय रॅचेटसारखा हाताने उघडत नाही.