'पूर्वी' म्हणजे कशापूर्वी? न्यूमोनियाच्या कारणांवर थिसिस करणाऱ्या नव्या रेसिडेंट्ससाठी

एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षी 'रुग्णालयात दाखल झालेल्या प्रौढांमधील कम्युनिटी-अक्वायर्ड न्यूमोनियाची (म्हणजे रुग्णालयाबाहेर जडलेल्या न्यूमोनियाची) कारणे' हा थिसिसचा विषय मी आनंदाने स्वीकारला, कारण तो सोपा आहे अशी माझी समजूत होती. पावसाळ्यात आमच्या वॉर्डात न्यूमोनियाचा रुग्ण नाही असा दिवस उजाडत नसे, एक्स-रे आणि कल्चर (नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणे) दोन्ही रुग्णालयातच होत, आणि एका जुन्या सीनियरचा जवळपास याच विषयावरचा थिसिस ग्रंथालयात होता. त्याचा प्रोफॉर्मा, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती भरायचा छापील फॉर्म, मी जसाच्या तसा उचलला. त्यातली एक ओळ अशी होती : 'पूर्वी अँटिबायोटिक घेतले आहे का? होय / नाही.' पुढे माझ्या थिसिसचे जे काही झाले ते या ओळीमुळे झाले, त्यामुळे या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच खर्च होणार आहे. सीएपीची (म्हणजे याच न्यूमोनियाची) व्याख्या, कर्ब-६५ (आजाराची तीव्रता मोजण्याचे गुण), सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), एथिक्स कमिटी या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे मी गृहीत धरते.

आधी थोडा दिलासा देते. तुमच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये जंतू सापडणार नाही, आणि त्यात तुमचा दोष असेलच असे नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जानेवारी २०१० ते जून २०१२ या काळात शिकागो आणि नॅशव्हिल येथील ५ रुग्णालयांत 'एपिक' नावाचा अभ्यास केला. त्याचे प्रौढांविषयीचे निष्कर्ष २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. कल्चर, रक्ताच्या चाचण्या, लघवीतील अँटिजेन (जंतूचे अंश) आणि पीसीआर (जंतूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी) असा सगळा सरंजाम हाताशी असूनही २,२५९ रुग्णांपैकी ८५३ जणांमध्येच, म्हणजे ३८ टक्क्यांमध्ये, रोगकारक जंतू आढळला. केवळ विषाणू २३ टक्क्यांत आणि केवळ जिवाणू ११ टक्क्यांत मिळाले. एकेका जंतूचा विचार केला तर रायनोव्हायरस ९, इन्फ्लुएन्झा ६ आणि न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा सर्वपरिचित जिवाणू अवघा ५ टक्के होता. सहा महिन्यांनंतर मास्टर चार्टमध्ये (सर्व रुग्णांच्या एकत्रित तक्त्यात) 'नो ग्रोथ', म्हणजे काहीच उगवले नाही, या नोंदींची रांग लागली की हे आकडे पुन्हा वाचा.

आता त्या ओळीकडे वळते. 'पूर्वी' म्हणजे कशापूर्वी? मी तिचा अर्थ 'रुग्णालयात येण्यापूर्वी' असा घेत होते. माझ्या सुटीच्या दिवशी प्रोफॉर्मा भरणारा इंटर्न 'नमुना घेण्यापूर्वी' असा अर्थ घेत होता. रुग्णाच्या लेखी त्या प्रश्नाला अर्थच नव्हता, कारण अँटिबायोटिक कशाला म्हणतात हेच अनेकांना माहीत नसते. 'अँटिबायोटिक घेतले का?' या प्रश्नाला ठामपणे 'नाही' म्हणणारे आजोबा 'गावच्या डॉक्टरांनी सुई दिली का?' असे विचारल्यावर 'दोन दिस रोज एक दिली की' असे सांगतात, आणि त्यांची सून पिशवीतून मेडिकलवाल्याने बांधून दिलेल्या गोळ्यांची पुडी काढून दाखवते. हा संवाद मी पुढे इतक्या वेळा ऐकला की सुई, सलाईन आणि पुडी हे तीन शब्द प्रोफॉर्म्यातच छापायला हवे होते असे आजही वाटते.

ही झाली रुग्णालयाबाहेरची गोष्ट. आतली त्याहून वाईट होती. रुग्ण रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत येई, त्याला तिथेच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळे, आणि तो मिळायलाच हवा. सकाळी राउंड झाल्यावर मी बेडक्यासाठी डबी देई, दुपारी ती भरून सिस्टरांच्या टेबलावर येई, वॉर्डबॉय मामा ती जमेल तेव्हा लॅबमध्ये नेत आणि शनिवार असेल तर सोमवार उजाडे. या सगळ्या प्रवासाची नोंद माझ्या प्रोफॉर्म्यात 'नाही' एवढ्या दोन अक्षरांत होत होती, कारण त्या रुग्णाने रुग्णालयात येण्यापूर्वी खरोखरच काही घेतलेले नव्हते.

याचा परिणाम नेमका काय होतो ते समजून घ्या. न्यूमोकोकस हा मुळात नाजूक जंतू आहे; त्याच्याजवळ स्वतःलाच विरघळवणारे एन्झाइम असते, आणि पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मिळाल्यावर काही तासांतच तो बेडक्याच्या कल्चरमधून दिसेनासा होऊ शकतो. क्लेब्सिएला किंवा स्युडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम स्टेन या रंजनपद्धतीत गुलाबी दिसणारे) जंतू मात्र दाखल झालेल्या, आजारी, वृद्ध माणसाच्या घशात सहज वस्ती करतात, पहिल्या अँटिबायोटिकला पुष्कळदा दाद देत नाहीत, आणि तासन्‌तास टेबलावर पडलेल्या डबीतही वाढत राहतात. त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यांवरून काढलेल्या टक्केवारीत एका जंतूची संख्या कमी होते आणि दुसऱ्यांची फुगते. हा फरक एकाच दिशेने पडत असल्यामुळे रुग्णांची संख्या वाढवूनही तो भरून निघत नाही. मी मात्र तक्ता पाहून 'आमच्या भागात न्यूमोकोकस दुर्मिळ असून ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे प्राबल्य आहे' असे वाक्य चर्चेच्या प्रकरणात मोठ्या अभिमानाने लिहिले. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमनी ते वाचून एकच प्रश्न विचारला : 'हे नमुने किती वाजता घेतले होते?' त्या दुपारी मी मेडिकल रेकॉर्ड विभागात जाऊन जुने केस पेपर काढायला सुरुवात केली. काहींवर डोसची वेळ होती, नमुन्याची नव्हती. काहींवर दोन्ही नव्हत्या. काही केस पेपर सापडलेच नाहीत.

म्हणून 'होय / नाही' ही चौकट पहिल्याच दिवशी काढून टाका. तिच्या जागी बाहेर मिळालेले औषध आणि त्याची तारीख, रुग्णालयातील पहिल्या डोसची तारीख व वेळ, नमुना घेतल्याची वेळ आणि तो लॅबमध्ये प्लेटवर लावल्याची वेळ अशा चार स्वतंत्र नोंदी ठेवा. डोस आणि नमुना यांमधले तास मास्टर चार्टमध्ये आपोआप निघतील, आणि विश्लेषणात डोसपूर्वीचे नमुने व नंतरचे नमुने वेगळे मांडता येतील. डबी कॅज्युअल्टीतच ठेवा आणि ब्लड कल्चरच्या बाटल्याही तिथेच ठेवा. मात्र एक गोष्ट खडसावून सांगते : नमुन्यासाठी पहिला डोस कधीही रोखून धरू नका. धाप लागलेल्या माणसाला बेडका येत नसेल तर औषध द्या आणि 'नमुना डोसनंतर' अशी प्रामाणिक नोंद करा.

बेडका मागण्याबद्दलही थोडे सांगते. लॅबच्या फॉर्मवर 'थुंकी' असे छापलेले असते, आणि रुग्णाला 'थुंकी द्या' म्हटले की तो इमानाने थुंकीच देतो. चूळ भरायला लावून 'छातीतून खोकून बेडका काढा' असे स्वतः उभे राहून सांगितल्याशिवाय मला कामाचा नमुना क्वचितच मिळाला. मायक्रोस्कोपच्या लो पॉवरखाली दर क्षेत्रात १० पेक्षा कमी स्क्वेमस (तोंडातल्या) पेशी आणि २५ पेक्षा जास्त पू-पेशी, हा साधारण निकष पाळा. नापास नमुन्यांचे कल्चर करू नका, पण त्यांची संख्या मात्र लपवू नका.

कल्चरमध्ये क्लेब्सिएला उगवला म्हणजे न्यूमोनिया त्यानेच झाला, असे मानण्याचा मोह फार जुना आहे. १८८० च्या दशकात बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर आणि आल्बर्ट फ्रेंकेल यांच्यात न्यूमोनियाचा खरा जंतू कोणता यावर वाद पेटला होता. फ्रीडलेंडर ज्याची बाजू घेत होते तो जंतू आज आपण क्लेब्सिएला म्हणून ओळखतो, आणि फ्रेंकेल यांचा होता न्यूमोकोकस. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंजनपद्धत याच फ्रीडलेंडरांच्या प्रयोगशाळेत, न्यूमोनियाने मृत्यू पावलेल्यांच्या फुप्फुसांवर काम करताना जन्मली. त्यामुळे या विषयावर काम करणाऱ्याने ग्रॅम स्टेनची स्लाइड स्वतः न पाहता केवळ रिपोर्ट उतरवून घ्यावा, हे मला तरी पटत नाही. स्लाइडवर पू-पेशींच्या शेजारी भाल्याच्या टोकासारख्या जोड्या, म्हणजे न्यूमोकोकस, भरपूर दिसत असतील आणि प्लेटवर फक्त क्लेब्सिएला आला असेल, तर स्लाइडवर अधिक विश्वास ठेवा.

रक्ताच्या कल्चरमध्ये फार कमी वेळा काही उगवते, पण जे उगवते त्याचे वजन मोठे असते. तिथेही न्यूमोकोकस आपले रंग दाखवतो : बाटली पॉझिटिव्ह होते, कोणी तिच्याकडे वेळेत पाहत नाही, तोवर जंतू स्वतःच विरघळतात आणि प्लेटवर काही येत नाही.

आपल्याकडे क्षयरोगाचा प्रश्न सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच सोडवावा लागतो. क्षयरोग कित्येकदा अगदी साध्या न्यूमोनियासारखा, आठ दिवसांच्या तापाने समोर येतो. त्याला वगळणार की कारण म्हणून मोजणार हे आधी ठरवा, आणि सीबीनॅट (क्षयाची जनुकीय चाचणी) सर्वांचे करा. निवडक रुग्णांचे केले तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. लेव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सुरू असलेला रुग्ण चार दिवसांत 'बरा' झाला म्हणून खूश होऊ नका, कारण ते औषध क्षयाच्या जंतूंवरही चालते आणि निदान पुढे ढकलते.

कोकणात, गोव्यात किंवा कर्नाटकाच्या किनारपट्टीवर काम करत असाल तर मेलिऑइडोसिस (चिखलमातीतल्या एका जंतूचा संसर्ग) डोक्यात ठेवा. मधुमेह असलेला, पावसाळ्यात चिखलात राबणारा शेतकरी आणि लॅबचा 'स्युडोमोनास' असा रिपोर्ट या जोडीकडे संशयाने पाहा. तो जंतू जेंटामायसिन व कोलिस्टिनला दाद देत नसेल आणि को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हला मात्र देत असेल, तर बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलेईचा, म्हणजे मेलिऑइडोसिसच्या जंतूचा, विचार करा.

मल्टिप्लेक्स पीसीआरचे (एकाच वेळी अनेक जंतू शोधणाऱ्या चाचणीचे) सध्या फार कौतुक आहे, आणि निधी असेल तर जरूर करा. पण नाकातल्या स्वॅबमध्ये रायनोव्हायरस मिळाला म्हणून फुप्फुसातला पांढरा डाग त्यानेच पडला असे सिद्ध होत नाही. एपिकमध्ये लक्षणे नसलेल्या लोकांचेही स्वॅब तपासले होते ते याचसाठी. तुमच्याकडे असा तुलनेचा गट नसेल तर 'कारण' हा शब्द जपून वापरा आणि 'आढळले' असे लिहा. लेजिओनेला या न्यूमोनियाच्या आणखी एका जिवाणूसाठीची लघवीतल्या अँटिजेनची प्रचलित चाचणीही मुख्यतः त्याचा सेरोग्रुप १ हा एकच प्रकार पकडते, त्यामुळे ती निगेटिव्ह आली म्हणून लेजिओनेला नाहीच असे लिहिता येत नाही.

गाईड निवडण्याचे स्वातंत्र्य बहुतेकांना नसते, पण को-गाईड मागता येतो. माझे मत विचाराल तर परिषदांच्या व्यासपीठावर झळकणाऱ्या मोठ्या नावापेक्षा, रोज मायक्रोस्कोपला डोळा लावणारा आणि तुमचा फोन उचलणारा मायक्रोबायोलॉजिस्ट बरा. सांख्यिकीतज्ज्ञाकडे पहिला रुग्ण घेण्यापूर्वी जा. मी शेवटी गेले आणि नोंदवायच्या राहिलेल्या वेळा त्यांनाही परत आणता आल्या नाहीत. सीनियरचा प्रोफॉर्मा वापरायला हरकत नाही, पण त्याच्यावर पाच रुग्ण भरून पाहा आणि प्रत्येक ओळ दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्या.

माझा थिसिस बुडाला नाही, हेही सांगायला हवे. ज्या रुग्णांच्या दोन्ही वेळा सापडल्या त्यांचा वेगळा तक्ता केला, उरलेल्यांना 'वेळ अज्ञात' असे लिहिले, आणि ते अभिमानाचे वाक्य खोडून 'बहुसंख्य नमुने अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसनंतर घेतलेले असल्याने या अभ्यासावरून न्यूमोकोकसचे प्रमाण ठरवता येत नाही' असे लिहिले. व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले आणि 'वेळ अज्ञात' या ओळीवर बोट ठेवून हे रुग्ण एवढे का, असे विचारले. मी प्रोफॉर्म्याची हकिकत सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा तक्ता उघडला.