रेखांकित भागाचे क्षेत्रफळ काढताना या चुका टाळा

सूत्रे तोंडपाठ असतात, तरी रेखांकित (आकृतीत रेघा मारून दाखवलेल्या) भागाचे उत्तर चुकते. कारण चूक सूत्रात नसतेच. आकृतीतला कोणता तुकडा किती वेळा मोजला, हे पाहायचे राहून गेलेले असते.

चौरसातल्या चार पाकळ्यांची आकृती घ्या. चौरसाची बाजू १० सेमी. प्रत्येक बाजू व्यास धरून आतल्या अंगाला अर्धवर्तुळ काढले आहे आणि पाकळ्या रेखांकित आहेत. एका अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ ½ × ३.१४ × ५ × ५ = ३९.२५ चौसेमी, चारांचे १५७. चौरस तर १०० चौसेमीचाच! इथे बरेच जण गुणाकार पुन्हा तपासत बसतात. गुणाकार बरोबर आहे. चारही अर्धवर्तुळे मिळून अख्खा चौरस झाकतात, पण प्रत्येक पाकळी शेजारच्या दोन्ही अर्धवर्तुळांत येते, म्हणून दोनदा मोजली जाते. वर आलेले ५७ चौसेमी हेच पाकळ्यांचे क्षेत्रफळ. अशा आकृतीत प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने १ किंवा २ लिहा, म्हणजे काय वजा करायचे ते आपोआप दिसते.

दुसरी नेहमीची चूक त्रिज्येची. १४ सेमी बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांवर समान पाव वर्तुळे एकमेकांना टेकून काढली असतील, तर त्रिज्या १४ नव्हे, ७ सेमी. चार पावांचे एक पूर्ण वर्तुळ होते, म्हणून मधला उरलेला भाग: १९६ − १५४ = ४२ चौसेमी. त्रिज्या १४ धरली तर वजाबाकी ऋण येते. तेवढ्यावरूनच चूक पकडता येते.

कंकणाकृती (एकाच केंद्राच्या दोन वर्तुळांमधल्या) भागात त्रिज्यांची वजाबाकी करून तिचा वर्ग करू नका. १० आणि ८ सेमी त्रिज्या असतील, तर ३.१४ × (१०० − ६४) = ११३.०४ चौसेमी. आधी वजा करून वर्ग केला की फक्त १२.५६ येतात.

वर्तुळखंड (जीवा आणि कंस यांमधला भाग) काढताना वर्तुळपाकळीतून (दोन त्रिज्या आणि कंस यांमधल्या भागातून) त्रिकोण वजा करतात. ½ × त्रिज्या × त्रिज्या हे त्रिकोणाचे सूत्र मात्र केंद्रीय कोन ९०° असतानाच चालते. कोन ६०° असेल तर त्रिकोण समभुज होतो. त्रिज्या १२ सेमी घेतली, तर वर्तुळपाकळी म्हणजे वर्तुळाचा सहावा भाग, ७५.३६; त्रिकोण (√३ ÷ ४) × १४४ = ६२.२८ आणि वर्तुळखंड ७५.३६ − ६२.२८ = १३.०८ चौसेमी.

हे उत्तर √३ = १.७३ धरून आले. १.७३२ धरल्यास १३.००८ येते. दोन जवळच्या संख्यांच्या वजाबाकीत किरकोळ फरकही असा उठून दिसतो, म्हणून पाय (π) आणि √३ यांच्या प्रश्नात दिलेल्याच किमती वापरा. काही दिले नसेल आणि त्रिज्या ७ च्या पटीत असेल, तर २२/७ सोयीचे.

आणि एकक: १ चौमी म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौसेमी.