डिजिटल चित्रकला : नवा ब्रश घेण्याआधी या चुका तपासा

चित्र मनासारखं उतरलं नाही की पहिला संशय ब्रशवर जातो. मग नवा ब्रश-पॅक डाउनलोड होतो, आठवड्याभरात ॲप बदलतं, तरीही जमलं नाही की टॅबलेटचे रिव्ह्यू बघणं सुरू होतं. या धावपळीत हात मात्र रोज नवखाच राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, तर दोष नेमका कुठे आहे ते कळतं आणि बऱ्याचदा खर्चही वाचतो.

वर्तुळ लांबट येतंय?

हाताला बोल लावू नका, आधी मॅपिंग, म्हणजे टॅबलेटचा कोणता भाग स्क्रीनच्या कोणत्या भागाशी जोडलाय, ते बघा. स्क्रीन नसलेल्या टॅबलेटच्या क्षेत्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण 16:10 आणि मॉनिटरचं 16:9 असेल, तर काढलेलं सगळंच आडवं ताणलं जातं. टॅबलेटवर बाटलीचं गोल झाकण ठेवा, त्याच्या कडेकडेने पेन फिरवा आणि मान वर करून स्क्रीन बघा. तिथे लंबगोल उमटला असेल, तर ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय सुरू करा. टॅबलेटची थोडी जागा वाया जाते, जाऊ द्या.

रेघ एकाच जाडीची येत असेल, तर बहुधा पेनाचा दाब ॲपपर्यंत पोचत नसतो. विंडोज इंक आणि विनटॅब या पेनाचा दाब ॲपला कळवण्याच्या दोन पद्धती. विंडोजवर बऱ्याचदा ड्रायव्हर विंडोज इंकवर आणि ॲप विनटॅबवर, अशी फारकत झालेली असते. दोन्हीकडे एकच पर्याय ठेवा आणि ॲप बंद करून पुन्हा उघडा. दाब लागतोय पण फार जोर द्यावा लागतोय, अशी तक्रार असेल तर प्रेशर कर्व्ह (किती दाबाला किती जाड रेघ, ते ठरवणारी सेटिंग) मऊ करा. नाहीतर निब झिजते आणि मनगट दुखतं ते वेगळंच. रेघ थरथरते म्हणून स्टॅबिलायझर (हाताची थरथर गाळणारी सोय) शंभरावर नेऊन ठेवणारेही खूप. त्याने रेघ गुळगुळीत होते, पण पेनाच्या मागे रेंगाळते आणि कोपरे बोथट होतात. त्यापेक्षा खांद्यातून, जरा वेगाने रेघ ओढा.

रंग मळकट का दिसतात?

इथे थोडं थांबू, कारण सर्वात जास्त नवे ब्रश याच दुखण्यावर औषध म्हणून घेतले जातात. सावली म्हणजे मूळ रंगात काळा मिसळणं, ही सवय पहिला दोषी. सावलीत रंगाची छटाही सरकते. उघड्यावर, ऊन पिवळसर असताना, ती आकाशाच्या निळ्याकडे झुकते. दुसरा दोषी म्हणजे सगळीकडे फिरवलेला मऊ एअरब्रश. एकही कड धारदार उरत नाही आणि गाल, दगड, कापड सगळं एकाच पदार्थाचं वाटू लागतं.

पण मुळात गडद-फिक्याचा हिशेब चुकला असेल, तर रंग कितीही बदला, चित्र सपाटच राहणार. सर्वात वर काळ्याने भरलेला एक लेयर, म्हणजे वेगळा थर, ठेवा आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करा. चित्र करड्या छटांत दिसेल. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करून हीच तपासणी करू नका. बऱ्याच ॲपमध्ये तसं केल्यावर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच करड्या रंगाचे होतात, डोळ्यांना मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो.

आणि कॅनव्हास आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून बघत जा. तिरके डोळे तेव्हाच सापडतात.

विषयही तोच, पळवाटाही त्याच

पोर्टफोलिओ भरून डावीकडे वळलेले चेहरे, हात पाठीमागे, पाय चौकटीबाहेर. जे जमत नाही ते लपवत गेलं की शैली तयार झाल्यासारखी वाटते, पण ती शैली नसते. विषय बदलायलाच हवा, फक्त तेव्हा साधन ओळखीचं ठेवा. साधन नवं असेल तेव्हा विषय ओळखीचा. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी इंग्लंडच्या यॉर्कशायरमधला वोल्डगेटचा परिसर आधी तैलरंगात पुन्हा पुन्हा रंगवला होता, आणि 2011 मध्ये तिथलाच वसंत आयपॅडवर चितारला. झाडं पाठ होती, त्यामुळे लक्ष नव्या पेनाकडे देता आलं असावं, असं मला वाटतं.

छपाईच्या वेळी होणारा घोळ

1080 पिक्सेलचं चौकोनी चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) जेमतेम 3.6 इंच छापलं जातं. मागाहून डीपीआयचा नुसता आकडा वाढवून तपशील वाढत नाही. ए4 हवं असेल तर सुरुवातच 2480 × 3508 पिक्सेलने करा. कॅनव्हास मोठा केला की प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये लेयर कमी मिळतात, तेवढं सोसा. मूळ फाइल लेयरसकट जपा, जेपेग फक्त पाठवण्यापुरतं.

झगमगीत निळे-हिरवे शाईत फिके पडतात, म्हणून पाठवण्याआधी सॉफ्ट प्रूफ (छापील रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून बघा. प्रिंट काळपट आली तर प्रेसशी भांडण्याआधी स्क्रीनचा ब्राइटनेस किती होता ते आठवा. तो पूर्ण ठेवून रंगवलेलं चित्र कागदावर अंधारतंच. मोठी प्रत काढण्याआधी चित्राची एक पट्टी त्याच कागदावर छापून घ्या, ती दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच चित्राचा उजळपणा बदलणाऱ्या कर्व्हला हात लावा.