अरबी समुद्राच्या गाळातून जुना ऑक्सिजन, नायट्रेट आणि धातू कसे वाचायचे

अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. हा पट्टा पूर्वी किती तीव्र होता ते तळाच्या गाळात उतरलेलं असतं, गोव्याच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) यावर खूप काम झालंय. कोअरचा, म्हणजे तळातून नळीने उभा काढलेल्या गाळाचा डेटा पहिल्यांदा हातात आला तर असं बघा.

आधी वय. फोरॅमच्या (कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय समुद्री जीवांच्या) कवचांवर रेडिओकार्बन पद्धतीने वय काढतात, ते ५० हजार वर्षांच्या आसपासपर्यंतच चालतं. थर बारीक पट्टेदार दिसले तर फारच छान, म्हणजे ऑक्सिजन इतका कमी होता की तळातल्या किड्यांनी गाळ उकरलाच नाही.

मग नायट्रोजन, माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच. ऑक्सिजन संपला की बॅक्टेरिया नायट्रेट वापरायला लागतात, त्यात हलका नायट्रोजन-१४ आधी जातो आणि उरलेल्यात नायट्रोजन-१५ चं प्रमाण वाढतं, तेच पाणी वर आलं की प्लँक्टन ते नायट्रेट घेतात आणि मेल्यावर ती खूण घेऊन तळाशी जातात. खोल समुद्रातल्या नायट्रेटमध्ये नायट्रोजन-१५ चं प्रमाण हवेतल्या नायट्रोजनपेक्षा सरासरी सुमारे ५ पर मिल, म्हणजे हजारात ५ ने जास्त आहे, गाळातला आकडा त्याच्या बराच वर गेला की डिनायट्रिफिकेशन (बॅक्टेरियांनी नायट्रेट असं वापरून संपवणं) जोरात होतं असं समजा. इथे उबदार काळात तो वर जातो, हिमयुगात खाली येतो.

धातूंचे नुसते पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) बघून काहीही ठरवू नका!! आधी ॲल्युमिनियमने भागा, कारण ते जवळजवळ सगळं जमिनीवरच्या मातीतून येतं, आणि मग तो रेशो सरासरी शेलशी (चिखलापासून बनलेल्या नेहमीच्या खडकाशी) ताडून बघा. युरेनियम ऑक्सिजन संपल्यावर गाळात लवकर अडकतं, मॉलिब्डेनमला मात्र सल्फाइड लागतं, त्यामुळे युरेनियम वाढलंय पण मॉलिब्डेनम नाही असं दिसलं तर ऑक्सिजन कमी होता पण पाण्यात सल्फाइड नव्हतं. मँगनीज उलटं वागतं, ऑक्सिजन गेला की विरघळून निघून जातं. म्हणून मॉलिब्डेनम आणि मँगनीज दोन्ही एकत्र वाढलेले दिसले तर थांबा, तिथे मँगनीज ऑक्साइडने मॉलिब्डेनम धरून ठेवलेलं असू शकतं, म्हणजे ऑक्सिजन भरपूर होता, अर्थ बरोब्बर उलटा.

उत्पादकतेसाठी, म्हणजे वरच्या पाण्यात प्लँक्टन किती वाढत होतं ते कळण्यासाठी, बेरियम वापरणार असाल तर गाळातल्या पाण्यातलं सल्फेट आधी तपासा, ते संपलं असेल तर बॅराइट (बेरियम सल्फेट) विरघळतं आणि आकडा उगाच कमी येतो.