दहावीच्या सुट्टीत कामाचा अनुभव कसा मिळवावा: नाशिकच्या विद्यार्थी-पालकांसाठी

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. एखाद्या क्षेत्रातील काम जवळून पाहण्यासाठी शालेय वयात याहून मोठी सुट्टी मिळत नाही. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना सुट्ट्यांमध्ये व्यावसायिक विषयांची इंटर्नशिप करता यावी, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये म्हटले आहे; प्रत्यक्षात जागा शोधण्याचे काम बहुधा घरच्यांनाच करावे लागते.

नाशिककरांच्या मनात प्रथम ओझरचे विमान कारखाने किंवा नाशिक रोडचे नोट प्रेस येते. परंतु अशा ठिकाणी सुरक्षेचे नियम कडक असल्यामुळे शाळकरी मुलाने त्यांच्या उत्तराची वाट पाहण्यात सुट्टी घालवू नये. माझ्या मते पाच-दहा माणसांची जागा अधिक उपयोगी ठरते, कारण तेथे मालक स्वतः हजर असतो आणि ऑर्डर घेण्यापासून बिल करण्यापर्यंतचा सारा व्यवहार एकाच छताखाली दिसतो. सातपूर किंवा अंबड येथील सुट्या भागांच्या युनिटमधील ड्रॉइंग व तपासणी विभाग, सीएचे कार्यालय, पशुवैद्याचा दवाखाना, येवल्यातील पैठणी विणकराचे घर, लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीतील अडत्याची (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाची) पेढी, असे कितीतरी पर्याय आहेत. पेढीवर लिलाव, तोलाई आणि हिशेबपट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब) यांचा क्रम समजला, तर वाणिज्य शाखेची निवड डोळसपणे करता येते. द्राक्षांचे पॅकहाउस (माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा) पाहायचे असल्यास मात्र अडचण आहे: हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल असा, नेमका परीक्षेच्या दिवसांत असतो आणि मे महिन्यात तेथे पाहण्यासारखे फारसे उरत नाही.

जागा ठरवण्यापूर्वी कायदा समजून घेणे आवश्यक आहे. बाल व किशोरवयीन कामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. कुटुंबाच्या व्यवसायातील शाळेव्यतिरिक्तची मदत यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. चौदा ते अठरा वयोगटाला खाणी, ज्वलनशील पदार्थ व धोकादायक प्रक्रियांमध्ये कामास मनाई आहे. या वयोगटाला कामावर घेतल्यास सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती द्यावी लागते, विश्रांती धरून सहा तासांपेक्षा अधिक थांबवता येत नाही आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही. धातूचा पत्रा दाबणारे-कापणारे प्रेस मशीन चालवणे, प्लेटिंगच्या (धातूवर मुलामा देण्याच्या) रसायनांच्या टाक्यांजवळ थांबणे किंवा बागेत औषधफवारणी करणे या गोष्टींना पालकांनी आधीच स्पष्ट नकार द्यावा.

विनंतीचे पत्र एका पानाचे असावे. ‘मला काहीही काम चालेल’ असे लिहिल्यास समोरच्याला काय द्यावे हेच कळत नाही. त्याऐवजी ‘व्हर्नियर व मायक्रोमीटर या मोजमापाच्या साधनांनी भाग कसे तपासतात ते दोन आठवडे पाहायचे आहे’ असे नेमके लिहावे. सोबत शाळेचे बोनाफाईड आणि पालकांचे संमतीपत्र जोडावे. पत्र शक्यतो विद्यार्थ्याने स्वतः नेऊन द्यावे. वडिलांनी फोनवर शब्द टाकून मिळवलेल्या जागेत मूल पाहुणा होऊन बसते. इंटर्नशिपसाठी शुल्क मागणारे भेटल्यास तेथून निघावे. उलट, केवळ निरीक्षण न करता एखाद्या कामगाराचे रोजचे काम विद्यार्थ्याकडून करून घेतले जात असेल, तर ती इंटर्नशिप राहत नाही आणि तेथे मोबदल्याची चर्चा रास्त ठरते.

पहिले दोन-तीन दिवस कंटाळवाणे जातात, हे गृहीत धरावे. रोज घरी आल्यावर वहीत काय पाहिले, कोणता शब्द नवा होता आणि उद्या कोणाला काय विचारायचे, एवढे लिहावे. प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारावेत, कारण मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरचे लक्ष विचलित करणे धोक्याचे असते. ग्राहकांची नावे, दर आणि ड्रॉइंगचे फोटो बाहेर जाऊ देऊ नयेत.

अनुभवाचे पत्र शेवटच्या आठवड्यातच मागावे आणि त्यात तारखांसोबत प्रत्यक्ष पाहिलेल्या व केलेल्या कामांचा उल्लेख करण्याची विनंती करावी. नुसते ‘वर्तणूक चांगली होती’ एवढेच लिहिलेले पत्र पुढे आयटीआय किंवा पदविकेनंतर जागा शोधताना फारसे कामाला येत नाही.