'गेट' या क्रियापदाचा अर्थ कसा लावावा

इंग्रजी 'गेट' म्हणजे 'मिळणे' असे शाळेत पाठ केलेले असते. पण बऱ्याच वाक्यांत हा अर्थ बसत नाही, आणि शब्दकोश उघडला तर अर्थांची लांबलचक यादी समोर येते. ती यादी पाठ करण्यापेक्षा 'गेट'च्या लगेच पुढे कोणता शब्द आला आहे हे आधी पाहावे, कारण अर्थ बहुधा त्यावरूनच ठरतो.

पुढे नाम असेल तर 'मिळणे' किंवा 'आणणे': 'ही गॉट पोहे फ्रॉम छप्पन दुकान', म्हणजे त्याने इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊबाजारातून पोहे आणले. पुढे ठिकाण असेल तर 'पोहोचणे': 'वी गॉट टू राजवाडा ॲट नाइन'. मात्र 'होम' आणि 'देअर' यांच्याआधी 'टू' लावू नये. पुढे विशेषण असेल तर 'होणे': 'इट इज गेटिंग डार्क', म्हणजे अंधार पडू लागला आहे.

खरी अडचण पुढच्या रचनेत येते. केशकर्तनालयातून आल्यावर आपण मराठीत सहज 'मी केस कापले' म्हणतो आणि कापणारा दुसराच होता हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटले, तर स्वतःच कात्री चालवली असा अर्थ होतो. तेथे 'आय गॉट माय हेअर कट' असे म्हणावे. क्रम नीट लक्षात ठेवावा: आधी 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. इंदूरच्या मराठी मुलांना येथे एक मोठी सोय आहे, आणि शिकवणाऱ्यांनी तिचा उपयोग अवश्य करावा, असे मला मनापासून वाटते. ही मुले बाहेर हिंदीत 'बाल कटवाए', 'कपड़े सिलवाए' असे रोज बोलतात. हिंदीत जेथे हा 'वा' येतो किंवा मराठीत 'करून घेतले' म्हणता येते, तेथे इंग्रजीत ही रचना निर्धास्तपणे वापरावी. वस्तू 'गेट'च्या आधी, कर्त्याच्या जागी आली, तर अर्थ पालटतो: 'माय फोन गॉट स्टोलन', म्हणजे फोन चोरीला गेला.

माणसाकडून काम करवून घ्यायचे असेल, तर 'आय गॉट हिम टू ओपन द शॉप' असे म्हणावे. येथे 'टू' हवाच. 'मेक' वापरल्यास तो गळतो आणि अर्थात सक्ती येते, तर 'गेट'मध्ये बहुधा समजावणे, गळ घालणे अभिप्रेत असते.

वाहनांसाठी एक साधा नियम पुरतो. सिटी बस किंवा रेल्वेसाठी 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. मोटार आणि रिक्षासाठी 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'.

अर्ज किंवा कार्यालयीन पत्र लिहिताना मात्र 'गेट' शक्यतो टाळावे आणि अर्थानुसार 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' किंवा 'बिकम' वापरावे. बोलण्यात तसे बंधन नाही.